फाउंड्रीतून डेटाकडे: वीस आठवडे आणि त्याआधीची नऊ वर्षं

"डेटा सायन्स शिकायचंय, कोर्स कुठला लावू?" असं विचारणारी पोरं आता महिन्याला दोन-तीन तरी भेटतात. कुणी गोकुळ शिरगावला मशीन शॉपमध्ये असतो, कुणी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एखादा इचलकरंजीच्या सूतगिरणीत. फोनवर प्रत्येकाला तेच सांगायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

आधी माझं. डिप्लोमा मेकॅनिकल. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग करणाऱ्या कारखान्यात, ९ वर्षं क्वालिटीला होतो. शिफ्ट तीन, सुट्टी सोमवारी. प्रत्येक हीटचं (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचं) रजिस्टर भरणं हे माझं काम: हीट नंबर, वाळूतला ओलावा, धातू ओततानाचं तापमान, किती बॉक्स (साचे) ओतले, किती रिजेक्ट झाले, कशानं झाले. हे रजिस्टर माझ्या मते कोल्हापुरातलं सगळ्यात कंटाळवाणं पुस्तक होतं.

सोडायचं ठरवलं ते एका रात्रीत नाही. पाठ धरली होती, पगार तीन वर्षं तिथंच होता, आणि एक्सेलमध्ये पिव्होट टेबल लावून रिजेक्शनचा तक्ता काढायला मला मनापासून आवडायचं. साहेबांना तो तक्ता फार आवडायचा नाही, तो भाग वेगळा.

२०२३ च्या सुरुवातीला २० आठवड्यांचा, पूर्ण वेळ, ऑनलाइन कोर्स घेतला. फी १,२०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४१,६००. जाहिरातीत पहिलाच आकडा असतो, दुसरा पैसे भरताना दिसतो. मी बारा हप्ते करून घेतले, महिन्याला ११,८००. हे हप्ते म्हणजे बहुतेक वेळा संस्थेची सवलत नसते, तुमच्या नावावर वित्त कंपनीनं काढलेलं कर्ज असतं. कोर्स मध्येच सोडला तरी हप्ता चुकत नाही, आणि चुकवला तर सिबिलवर येतो. आमच्या बॅचमध्ये सुरुवातीला ३२ जण होते, शेवटी १९ उरलो. गेलेल्या तेराजणांपैकी दोघे तरी त्यानंतरही हप्ते भरत होते हे मला माहीत आहे.

"शंभर टक्के जॉब गॅरंटी" असं लिहिलेलं असेल तर खालचा बारीक मजकूर वाचा. माझ्या करारात हजेरी ९० टक्के, सगळ्या असाइनमेंट वेळेत, पदवी बंधनकारक, आणि संस्थेनं सुचवलेली कुठलीही मुलाखत नाकारायची नाही, अशा अटी होत्या. डिप्लोमावाल्याला पदवीच नाही, म्हणजे गॅरंटी आधीच गेली. मी विचारलं तेव्हा समुपदेशक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, स्किल महत्त्वाचं असतं." स्किल महत्त्वाचं असतंच हो, पण मग गॅरंटीची अट कशाला?

पैसे भरण्याआधी दोन महिने फुकटात शिकून बघा, हे मी हात जोडून सांगतो. एनपीटीईएल आणि 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या वेबसाइटवर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे, संख्याशास्त्राचे कोर्स आहेत, व्हिडिओ बघायला पैसे पडत नाहीत. लॅपटॉप साधा असला तरी गूगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच काम होतं. दोन महिन्यांत रोज दीड तास बसवलं नाही, तर पैसे भरून रोज आठ तास कुठून बसवणार? आणि पदवी हवीच असेल, वेळही असेल, तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस आहे. तो वर्षांचा मामला आहे, पण त्याला वजन आहे.

कोर्स कसा होता? पहिले तीन आठवडे पायथन, मग पांडाज (पायथनमध्ये तक्ते हाताळायचं साधन), एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), संख्याशास्त्र, त्यानंतर मशीन लर्निंग, आणि शेवटचे चार आठवडे प्रोजेक्ट. सकाळी १० ते संध्याकाळी ६ आणि रात्री असाइनमेंट. शिकवणारे इंग्रजीत बोलायचे, तेही भराभर. पहिल्या आठवड्यात मला शब्द कळत होते, वाक्य संपेपर्यंत पुढचं सुरू व्हायचं. रेकॉर्डिंग पाऊण वेगानं ऐकायला लागलो तेव्हा जरा निभावलं. गणिताची भीती वाटत होती, पण अकरावी-बारावीच्या पातळीचं मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी परत काढली की पुरतं. अडलो ते पी-व्हॅल्यूपाशी, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्यापाशी. रंकाळ्यावर फेरी मारताना बायकोला समजावून सांगायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, "म्हणजे एकदा आमटी खारट झाली म्हणून बाईला स्वयंपाकच येत नाही म्हणायचं नाही, एवढंच ना?" एवढंच नाही, पण निम्मं तरी तेच. पुढे मुलाखतीत मी हेच उदाहरण दिलं.

खरी गोष्ट प्रोजेक्टची आहे, तिथे जरा थांबतो.

बॅचमधले बहुतेक जण टायटॅनिकवर गेले. कॅगल या डेटा स्पर्धांच्या वेबसाइटवर त्या जहाजाच्या ८९१ प्रवाशांची यादी आहे, कोण वाचला हे ओळखायचं. नाहीतर आयरिस: १५० फुलांच्या पाकळ्यांची मापं, रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली वापरलेली. शिकायला दोन्ही उत्तम. पण मुलाखत घेणाऱ्यानं ती शेकडो वेळा पाहिलेली असतात. मी जुन्या कारखान्यात गेलो, मालकांची परवानगी घेतली, ग्राहकांची नावं काढून टाकायचं कबूल केलं, आणि एप्रिल २०२१ ते सप्टेंबर २०२२ ची रजिस्टरं एक्सेलमध्ये चढवली. रिजेक्शन आधीच ओळखणारं मॉडेल (जुन्या नोंदींवरून अंदाज करायला शिकणारा प्रोग्रॅम) करता येतं का, हा विषय.

चढवायलाच तीन आठवडे गेले. वहीत वरच्यासारखंच असेल तर आपण खाली दोन टिंबं मारतो ना, ती टिंबं एक्सेलमध्ये गेली आणि ओलाव्याच्या रकान्यात आकड्यांऐवजी टिंबं आली. तारखा तीन प्रकारच्या. ब्लो होल (ओतलेल्या भागात वायूनं पडलेली पोकळी) हा शब्द सात प्रकारे लिहिलेला. जुलै २०२१ मधले सलग काही दिवस कोरे होते. बॅचमधला एक हुशार मुलगा म्हणाला, सरासरीनं भरून टाक. अरे बाबा, त्या दिवसांत पंचगंगेचं पाणी महामार्गावर होतं, कारखाना बंद होता. बंद भट्टीचं सरासरी तापमान काय भरणार?

आणि मग दिसलं ते १४००. ओततानाचं तापमान साधारण १३७० ते १४२० अंशांच्या मध्ये खालीवर व्हायला हवं. एका महिन्यात रात्रपाळीला मात्र सलग अकरा दिवस प्रत्येक हीटला नेमकं १४००. आलेख काढला तर सरळ रेघ. मॉडेलला हे फार स्थिर दिवस वाटले. मला मात्र अक्षर ओळखीचं वाटलं, कारण ते माझंच होतं. तापमान मोजायच्या लान्सच्या टिपा, म्हणजे धातूत बुडवायची टोकं, संपल्या होत्या, स्टोअरमधून येत नव्हत्या, आणि रकाना मोकळा ठेवला की ऑडिटला प्रश्न येतात. म्हणून मी १४०० लिहीत गेलो. दीड वर्षानं तोच खोटा आकडा माझ्यासमोर पुरावा म्हणून आला. ते अकरा दिवस मी फाइलमधून काढले आणि का काढले ते अहवालात लिहिलं. लिहिताना लाज वाटली, पण मुलाखतीत सगळ्यात जास्त बोलणं याच परिच्छेदावर झालं.

पहिलं मॉडेल ९९ टक्के बरोबर आलं. मी घरात ओरडलोच. दुसऱ्या दिवशी आमच्या मेंटरनी एकच प्रश्न विचारला, "या रकान्यांतला कुठला आकडा ओतायच्या क्षणी तुमच्या हातात असतो?" मी बघत गेलो. 'फेटलिंग तारीख' नावाचा रकाना होता. फेटलिंग म्हणजे कास्टिंग, ओतून निघालेला भाग, घासून साफ करणं. साचा फोडतानाच, म्हणजे नॉकआउटलाच, खराब दिसलेलं कास्टिंग फेटलिंगला जातच नाही, परत भट्टीत जातं. म्हणजे त्याची तारीख कोरी. मॉडेल एवढंच शिकलं होतं: तारीख कोरी, म्हणजे रिजेक्ट. पेपर तपासून झाल्यावर निकाल सांगण्यासारखं. याला डेटा लीकेज म्हणतात. हे पुस्तकात वाचून कळत नाही, एकदा स्वतः तोंडावर पडावं लागतं.

तो रकाना काढला, ९५ टक्के आले. तेही मोठ्या कौतुकानं आमच्या फोरमन अण्णांना दाखवायला गेलो. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "आपलं रिजेक्शन किती?"

"पाच टक्के."

"मग सगळ्यावर ओकेचा शिक्का मारत बसलं तरी पंच्याण्णवच येतंय की लेका."

कोर्समध्ये दोन तास लागले होते तो मुद्दा अण्णांनी एका वाक्यात सांगून टाकला. तेव्हापासून मी अचूकतेचा आकडा पुढे करत नाही. दोन गोष्टी सांगतो: खराब शंभर कास्टिंगपैकी किती पकडली, आणि मी खराब म्हटलेल्यांपैकी खरोखर खराब किती निघाली. पहिलीला रिकॉल म्हणतात, दुसरीला प्रिसिजन. खराब माल ग्राहकाकडे गेला तर डेबिट नोट येते, म्हणजे पैसे कापले जातात. चांगला माल उगाच परत तपासला तर एका माणसाची दहा मिनिटं जातात. यातलं काय महाग ते कारखाना ठरवतो, कॉम्प्युटर नाही.

निघताना अण्णा म्हणाले, "मंगळवारचं पहिलं दहा-बारा बॉक्स काढून बघ. सुट्टीत वाळू झोपल्याली असत्या. ह्ये तुझ्या कॉम्प्युटरला ठाऊक हाय का?"

नव्हतं. सोमवारी सँड प्लांट बंद, वाळू सुकते, वाळू बांधून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीला पुन्हा पाणी धरायला वेळ लागतो, आणि पहिल्या हीटांना मोल्डची धार पडते. मी 'सुट्टीनंतरची कितवी हीट' असा एक नवा रकाना केला. मंगळवारच्या पहिल्या दोन हीटांचं रिजेक्शन ११ टक्के निघालं, एकूण सरासरीच्या दुपटीहून जास्त. रँडम फॉरेस्ट नावाच्या मॉडेलमध्ये सगळ्यात उपयोगी रकाना तोच ठरला. एखाद्या बाहेरच्या माणसानं रविवार सुट्टीचा धरून हिशेब केला असता तर त्याला हे दिसलंच नसतं.

नोकरीचं सांगायचं तर ६३ अर्ज, ५ मुलाखती, कोर्स संपल्यावर सात महिने. त्यातले चार महिने घरात बोलायला नको अशी परिस्थिती होती. आठ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून मगच राजीनामा दिला होता, म्हणून तगलो. तेवढा नसेल तर नोकरी सांभाळून शिका. डेटा सायंटिस्ट हे पद पहिल्या फेरीत मिळेल अशा भ्रमात राहू नका, मला मिळालं ते डेटा ॲनालिस्ट. तेही चाकणला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत. कोल्हापुरात अशी कामं कमीच आहेत, पुणं गाठावं लागतं. खोलीभाडं वजा केलं तर पहिल्या वर्षी हातात फाउंड्रीपेक्षा कमीच पडत होते.

मुलाखतीत न्यूरल नेटवर्क कुणी विचारलं नाही. एसक्यूएल पाचही ठिकाणी विचारलं: दोन टेबलं जोड, ग्रुप बाय लाव, एकाच हीटच्या दोनदा पडलेल्या नोंदींतली शेवटची ठेव. या शेवटच्याला एसक्यूएलमधलं विंडो फंक्शन सोपं पडतं, ते हातानं शंभर वेळा लिहून काढा. चॅटजीपीटी कोड लिहून देतं, मीही रोज घेतो. पण तारीख कोरी का आहे, हे त्याला रजिस्टर भरणाऱ्यानंच सांगावं लागतं.

इंग्रजीचं म्हणाल तर माझं अजूनही कोल्हापुरीच आहे. प्रोजेक्ट स्वतःचा असल्यामुळे अडखळत का होईना सांगता आला. आयरिसच्या फुलाबद्दल मी मराठीतही दोन मिनिटं बोलू शकलो नसतो.

गेल्या दिवाळीला गावी आलो तेव्हा कारखान्यात गेलो. माझ्या जागेवर नवीन मुलगा आहे, डिप्लोमाच. त्यालाही डेटा सायन्स करायचंय. मी सवयीनं रजिस्टर उघडलं. रात्रपाळी, ओतायचं तापमान: १४००, १४००, १४००.

"टिपा संपल्यात का?" मी विचारलं.

तो हसला.

"मग रकाना मोकळा सोड की. नाहीतर 'टिप नाही' म्हणून लिही."

"मोकळा सोडला की साहेब सही करत नाहीत, दादा."