बंद ऑफिस रात्रभर किती वीज खातं? कमर्शियल बिल्डिंगचं लाइट बिल कमी करायचं तर आधी हे बघा

कमर्शियल बिल्डिंगचं लाइट बिल वाढलं की मीटिंगमध्ये पहिला विषय निघतो सोलरचा, दुसरा नवीन एसीचा, आणि आठवड्याभरात दोन्हीची कोटेशनं हजर. माझं कळकळीचं सांगणं आहे, ती कोटेशनं ड्रॉवरमध्ये ठेवा आणि आधी मीटरचं रीडिंग घ्या, तेही रात्रीचं. मी बोलतोय ते पुण्या-नाशकातल्या चार-पाच मजली बिल्डिंगांबद्दल, खाली दुकानं, वर ऑफिसं, एखादं क्लिनिक, बँकेची शाखा. मोठ्या आयटी पार्ककडे स्वतःचे इंजिनिअर असतात, इथे असतो तो एक वायरमन आणि एक वॉचमन.

करायचं असं. शेवटचं ऑफिस बंद झालं की प्रत्येक मीटरच्या डिस्प्लेचा मोबाइलवर फोटो काढायचा, सकाळी पहिलं शटर उघडायच्या आधी परत काढायचा. डिस्प्लेवर एकामागून एक बरेच आकडे फिरतात, त्यातला केडब्ल्यूएचवाला, म्हणजे वापरलेल्या युनिटचा, घ्यायचा. सीटी, म्हणजे मोठा करंट मोजायला कमी करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर, लावलेलं मोठं मीटर असेल तर बिलावर गुणक अवयव छापलेला असतो, फरकाला त्याने गुणायचं, नाहीतर खरा वापर कळणारच नाही. समजा १२ तासांत ४८ युनिट पडली, म्हणजे कुलूप लावलेली बिल्डिंग सतत ४ किलोवॅट ओढतेय. वर्षभराच्या रात्री धरल्या तर साडेसतरा हजार युनिट झाली, आणि सगळे आकार मिळून युनिटला १५ रुपये पडत असतील तर अडीच लाखांच्या वर गेलं. यातलं सगळं वाचत नाही, सीसीटीव्ही, फायर पॅनल, क्लिनिकमधला लसींचा फ्रिज हे चालूच राहायला पाहिजे, त्यांना हात लावायचा नाही. पण बाकीचं कुठे जातं ते शोधायला वायरमनला क्लॅम्प मीटर (वायरभोवती नुसता अडकवला की करंट दाखवतो) घेऊन एका रात्री डीबीपाशी, म्हणजे सगळ्या वायरी जिथून फुटतात त्या बोर्डापाशी, उभं करा, एकेका वायरचा अँपिअर बघत गेलं की तासाभरात अंदाज येतो.

बहुतेक ठिकाणी निघतं तेच ते. सर्व्हर रूमचा एसी १८ वर, पाण्याचा कूलर रात्रभर पाणी गार करत बसलेला, टॉयलेटचे एक्झॉस्ट, दुकानाचा बोर्ड पहाटेपर्यंत झगमगतोय, जिन्यातले लाइट. कूलर, बोर्ड आणि एक्झॉस्टला साधा २४ तासांचा टायमर लावा, जिन्यात आणि पार्किंगमध्ये सेन्सर लावा, खर्च फार नाही. सर्व्हर रूमला १८ ची गरज नसते, मशीनमध्ये शिरणारी हवा २७ अंशांपर्यंत चालते असं अ‍ॅश्रे या एसी इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेच्या गाइडलाइन्सच सांगतात, त्यामुळे एसी २४ वर ठेवा, फक्त गरम हवा रॅकच्या मागून फिरून परत पुढे येत नाही ना तेवढं बघा.

आता बिल. फक्त शेवटची रक्कम बघून फाइलला लावू नका. स्थिर आकार किंवा डिमांड चार्ज किती लागलाय, मंजूर डिमांड, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ओढायला मंजूर असलेला लोड, किती आणि वर्षभरात रेकॉर्ड झालेली सगळ्यात जास्त किती, हे आकडे शेजारी शेजारी लिहा. दहा वर्षांपूर्वी जुन्या ट्यूब आणि जुन्या एसींच्या हिशोबाने घेतलेली डिमांड आज निम्मीसुद्धा लागत नसेल तर न वापरलेल्या क्षमतेचे पैसे दर महिन्याला जातायत, ती कमी करायला अर्ज करता येतो. पण उन्हाळ्याचे महिने बघितल्याशिवाय करू नका, मेमध्ये डिमांड ओलांडली की दंड लागतो. आणि बिलिंग केव्हीएएचवर, म्हणजे कामी आलेल्या विजेऐवजी लाइनवरून ओढलेल्या एकूण विजेवर, असेल तर पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्यातला कामी आलेला हिस्सा, थेट खिशाला लागतो, ०.९ असेल तर ९०० युनिट वापरून १००० चं बिल येतं. पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या एपीएफसी पॅनलमधले कपॅसिटर फुगलेत का, त्यांना चालू-बंद करणारा काँटॅक्टर चिकटलाय का हे वर्षातून एकदा बघून घ्या. उलटंही होतं, रात्री लोड नसताना कपॅसिटर लाइनवरच राहिले तर पॉवर फॅक्टर लीडिंग जातो, म्हणजे उलट्या बाजूने बिघडतो, आणि केव्हीएएच तरीही वाढतं.

खरी मोठी गोष्ट म्हणजे एसी, त्यावर जरा थांबतो. एक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे एसीला स्टार देणारी केंद्र सरकारची संस्था, सांगते, आणि २०२० पासून नवीन रूम एसी चालू करताना २४ वरच सुरू होईल असा नियमही आहे, तरी ऑफिसात रिमोट ज्याच्या हातात तो १८ करतो. १८ केल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त मधेमधे बंद व्हायचा थांबतो. २४-२५ ठेवा आणि सोबत पंखा चालवा, अंगाला वारा लागला की तेवढं पुरतं. फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा, हे काम वॉचमनच्या रजिस्टरमध्ये तारीख टाकून लिहा म्हणजे होतं.

पण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे आउटडोअर युनिट. आपल्याकडे बिल्डिंगच्या मागच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक आठ-दहा युनिट टांगलेली असतात, खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, त्याची त्याच्या वरचा, आणि सगळ्यात वरच्या मजल्याचा एसी मेमध्ये बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम हवेत काम करत असतो, मग कुलिंग येत नाही म्हणून गॅस भरतात आणि महिन्याभरात परत तीच तक्रार. अशा ठिकाणी पाच स्टारचा नवीन एसी लावला तरी तो याच हवेत गुदमरणार. युनिट टेरेसवर किंवा मोकळ्या बाजूला न्या, जमत नसेल तर निदान समोरची सजावटीची जाळी काढा, कॉइलवरची धूळ पाण्याने धुऊन घ्या, मधलं अंतर वाढवा. कॉपर पाइप फार लांबवू नका, त्याने पण मार बसतो, आणि पाइपावरचं फाटलेलं काळं इन्सुलेशन लगेच बदला.

उष्णता आत येऊच दिली नाही तर एसीला कामच कमी. वरच्या मजल्यासाठी टेरेसवर पांढरा कूल रूफ पेंट किंवा पांढरा चायना मोझॅक, वॉटरप्रूफिंग करणारच असाल तर त्याच खर्चात बसवून घ्या. पश्चिमेच्या काचेला आतून पडदा लावून अर्धंच काम होतं, ऊन काचेतून आत आलेलं असतं, बाहेरून छज्जा, लूव्हर किंवा जाळी असेल तर ते आधीच अडतं. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये हाच क्रम धरला, आधी साडेसहा हजार खिडक्या तिथेच काढून सुधारून परत बसवल्या, लोड कमी झाला म्हणून सेंट्रल एसीसाठी पाणी गार करणारे मोठे नवीन चिलर न घेता जुन्यांच्याच दुरुस्तीवर भागलं. एक मात्र, वीज वाचवायला ताजी हवा बंद करू नका. बंद खोलीत वीस माणसं कोंडून वाचवलेल्या युनिटचा काही उपयोग नाही, दुपारी सगळी पेंगतात आणि डोकी दुखतात.

पंखे-लाइटचं सोपंय. जुना पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा नवीन पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १० तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात, दीड-दोन वर्षांत पैसे वसूल. चोकवाल्या ट्यूब असतील तर आजच एलईडी करा, पण खिडकीजवळच्या ओळीला वेगळं बटण द्या. डक्टेबल एसीच्या ब्लोअरला किंवा पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं उपकरण, लावला तर स्पीड २० टक्के कमी केल्यावर पॉवर जवळपास निम्मी होते, तिथे मात्र माहीतगार माणूस लागतो.

अडतं कुठे, तर बिल भाडेकरू भरतो आणि एसी मालकाचा. मालक म्हणतो मी का खर्च करू, भाडेकरू म्हणतो अकरा महिन्यांसाठी मी का करू. यावर चांगला उपाय म्हणजे प्रत्येक गाळ्याला सबमीटर, आणि लीव्ह अँड लायसन्स करारातच लिहायचं की मशीनचा खर्च मालक करेल आणि वाचलेल्या युनिटमधला ठरलेला हिस्सा पैसे वसूल होईपर्यंत भाड्यासोबत येईल. कॉमन एरियाचं मीटर वेगळं, त्याचा आकडा दर महिन्याला लिफ्टजवळच्या नोटीस बोर्डवर लावा.

बिल्डिंग मोठी असेल, सेंट्रल एसी असेल तर बीईईचा सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर बोलवा, महाऊर्जा या राज्य सरकारच्या ऊर्जा संस्थेकडे नोंदणी असलेल्या फर्मची यादी मिळते. त्यांना विचारायचं की दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट लागतात आणि कुठला उपाय किती महिन्यांत पैसे परत देतो, नुसता जाड रिपोर्ट घेऊ नका. कनेक्टेड लोड १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त असलेली नवीन बिल्डिंग बांधताय तर ईसीबीसीचा, म्हणजे बिल्डिंगमध्ये वीज वाचवण्यासाठीच्या सरकारी नियमावलीचा, विषय आर्किटेक्टबरोबर प्लॅन कागदावर असतानाच काढा, नंतर भिंत आणि काच बदलता येत नाही.

हे सगळं करून सहा महिन्यांची बिलं हातात आली की मग सोलरवाल्याला फोन करा. १ किलोवॅटचं पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास देतं आणि त्याला साधारण १०० चौरस फूट टेरेस लागतं, तेव्हा आधी ६० किलोवॅट लागत होतं तिथे कदाचित ४० मध्येच भागेल, आणि पाण्याच्या टाक्या, एसीची युनिटं सोडून उरलेल्या जागेत तेवढंच बसतं.