करंटने पाण्यातले बॅक्टेरिया मारताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाण्यात दोन वायरी सोडल्या, बुडबुडे आले, म्हणजे जंतू मेले असं धरून चालणं. 12 व्होल्टचा करंट स्वतः बॅक्टेरियाला फारसं काही करत नाही, मारतं ते पॉझिटिव्ह इलेक्ट्रोडवर, म्हणजे वायरीच्या पाण्यात बुडलेल्या धातूच्या टोकावर, पाण्यातल्या मिठाच्या क्लोराइडपासून तयार होणारं क्लोरीन. नुसत्या विजेच्या झटक्याने पेशीच्या पडद्याला भोकं पाडायची तर सेंटीमीटरला 20 ते 40 हजार व्होल्ट लागतात, तेही मायक्रोसेकंदांचे पल्स, आणि त्यातूनही स्पोर (काही बॅक्टेरियांचं कठीण कवचातलं सुप्त रूप) वाचतात, त्यामुळे ते घरी करायचं काम नाहीच.

दुसरी चूक म्हणजे इलेक्ट्रोड म्हणून स्टीलचे चमचे वापरणं. थोड्याच वेळात पाणी पिवळट होतं, मग तपकिरी, तळाला चिखलासारखा गाळ बसतो आणि बघणाऱ्याला वाटतं पाण्यातली घाण बाहेर आली. अहो, तो चमचा विरघळतोय! त्यातलं क्रोमियम, निकेल पाण्यात उतरतं, असं पाणी कृपा करून कोणाला पाजू नका. साधं टायटॅनियमही चालत नाही, त्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि करंट कमी होतो, रुथेनियम किंवा इरिडियम ऑक्साइडचं कोटिंग असलेलंच घ्या.

बुडबुडे येतात पण टेस्ट स्ट्रिपवर (पाण्यात बुडवून क्लोरीन तपासायच्या पट्टीवर) क्लोरीन दिसत नाही? मग बहुतेक मीठ कमी आहे, किंवा पाणी गढूळ असल्याने क्लोरीन त्या घाणीतच खर्च होतंय, आधी गाळून घ्या. करंट हळूहळू उतरत असेल तर निगेटिव्ह इलेक्ट्रोड बघा, पांढरा खर साचलेला असतो, सप्लाय बंद करून व्हिनेगरमध्ये भिजवला की सुटतो. आणि पीएच 8 च्या वर असेल तर क्लोरीन असूनही त्याचा जोर कमी पडतो, हे बरेच जण विसरतात.

घाई तर अजिबात नको. अर्धा तास थांबून मग स्ट्रिप बुडवा, तेव्हाही लिटरला निदान 0.5 मिलिग्रॅम फ्री क्लोरीन, म्हणजे घाणीत खर्च न झालेलं मोकळं क्लोरीन, उरलेलं दिसलं पाहिजे.

भांड्यावर घट्ट झाकण लावू नका, हायड्रोजन साठतो आणि हवेत 4 टक्क्यांच्या वर गेला की ठिणगीने पेट घेतो, शिवाय क्लोरीनचा वास घशाला लागतो म्हणून खिडकी उघडी ठेवा. घरातल्या प्लगची वायर थेट पाण्यात तर कधीच नाही, त्यात जंतूंच्या आधी माणूस जाईल.