शेतकरी घराण्याचा इतिहास: पत्रं आणि रोजनिशी कशी वाचावी

गठ्ठा सोडण्याआधी जसा आहे तसा त्याचा फोटो काढा. पत्रं कोणत्या क्रमाने बांधली होती, हीसुद्धा माहितीच असते. मग प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने हलका क्रमांक टाका. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. चिकटपट्टीचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, मग निघत नाही. पाकीट पत्रासोबतच ठेवा, कारण बिनतारखेच्या पत्राला पोस्टाचा शिक्काच बहुधा तारीख देतो.

शिक्का पुसट असेल तर मजकुरातलं शेत वाचा. पेरणी, मळणी, आटलेली विहीर यांवरून महिन्याचा अंदाज येतो. वर्षासाठी तीच घटना रोजनिशीत शोधा. अंदाजाची तारीख चौकटी कंसात लिहा, नाहीतर काही वर्षांनी तीच खरी वाटू लागते.

सगळ्यात मोठा घोळ नावांचा. आजोबा आणि नातू एकाच नावाचे असतात, टोपणनावं तर विचारूच नका. म्हणून पत्रांत येणाऱ्या माणसांचा एक तक्ता करा. त्यात नावापुढे जन्मवर्ष आणि लिहिणाऱ्याशी नातं हवंच.

कर्ज आणि वाटणीची भांडणं पत्रांत बहुतेक वेळा दबकतच येतात. तिथे जमिनीचे दस्तऐवज आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी ताडून पाहा.