छोटे समुद्री शिंपले ओळखताना या चुका टाळा

हिवाळ्यात कॉलेजची कोकणची अभ्यास सहल जाऊन आली की पुढचा महिनाभर आमच्या प्रयोगशाळेतल्या बेसिनमध्ये वाळू सापडते. नागपूरहून समुद्र गाठायचा म्हणजे एक रात्र गाडीत जातेच, त्यामुळे इथली पोरं किनाऱ्यावर पोचली की दोन्ही हातांनी शिंपले गोळा करतात. त्यांचा आनंद मला समजतो. पण बावीस वर्षं मी त्याच पिशव्या उघडतो आहे आणि त्याच चुका वहीत लाल शाईने दुरुस्त करतो आहे. यातल्या बहुतेक चुका घाईतून होतात. शिंपला हातात घेऊन पाच मिनिटं नीट पाहिला तर होणार नाहीत अशा.

पुढचं टोक आणि मागचं टोक

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते, म्हणून आधी ही.

डोनॅक्स नावाचे छोटे शिंपले आपल्या वाळूच्या किनाऱ्यांवर लाटेच्या पट्ट्यात भरपूर असतात. आकार सुताराच्या पाचरीसारखा, म्हणून प्रयोगशाळेत आम्ही त्यांना पाचरी शिंपले म्हणतो. शिंपल्याच्या दोन भागांपैकी प्रत्येक भाग म्हणजे झडप. अम्बो, म्हणजे झडपेचं टोकदार शिखर, मधोमध नसतं, एका बाजूला सरकलेलं असतं. त्यामुळे एक बाजू लांब आणि निमुळती, दुसरी आखूड आणि तिरकी कापल्यासारखी.

आता पोरांनी कुठेतरी वाचलेलं असतं की अम्बो पुढच्या बाजूला झुकलेलं असतं, आखूड बाजू ती पुढची. तिसऱ्या नावाच्या खायच्या शिंपल्यांच्या कुळात, म्हणजे व्हेनेरिडीत, हे बहुतेक वेळा चालून जातं. डोनॅक्समध्ये नेमकं उलट आहे. आखूड, कापलेली बाजू मागची आणि लांब निमुळती बाजू पुढची. प्राणी जगतो कसा हे डोळ्यांसमोर आणलं तर पाठ करायची गरजच पडत नाही. त्याचा पाय पुढच्या बाजूने निघतो आणि वाळूत घुसतो. पाचरीचं निमुळतं टोक आधी आत जाणार, आणि पाणी ओढायच्या-सोडायच्या दोन नळ्या मागच्या आखूड टोकाकडून वर राहणार.

काही वर्षांपूर्वी कामठीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी छान विषय घेतला होता. डोनॅक्सच्या सुट्या झडपांवर शिकारी गोगलगायींनी पाडलेली छिद्रं डाव्या झडपेवर जास्त असतात की उजव्या. सहा डबे भरून झडपा. रोज चार तास बसून ती नोंदी करायची. मार्चच्या शेवटी तक्ते घेऊन आली. मी सहज एक डबा उघडला, एक झडप उचलली आणि विचारलं, "ही कोणती?"

"डावी आहे जी, सर."

ती उजवी होती. पुढचं-मागचं उलट धरलं की डावं-उजवंही आपोआप उलटतं. मला वाटलं, सगळंच उलट असेल तर तक्त्याचे मथळे बदलले की झालं. पण वही चाळताना कळलं की मध्येच कुणीतरी तिला बरोबर पद्धत सांगितली होती, तिने ती त्या दिवसापासून वापरली आणि वहीत तशी नोंद केली नाही. कोणत्या डब्यापासून बरोबर आणि कोणत्या डब्यापर्यंत चूक, हे सांगायला काहीच साधन उरलं नव्हतं. सहाही डबे पुन्हा मोजावे लागले, मे महिन्यात. कूलर लावला की चिठ्ठ्या उडायच्या, म्हणून तो बंद ठेवून त्या पोरीने पंचेचाळीस अंशांत झडपा मोजल्या. शेवटी प्रकल्प चांगला झाला. पण तो महिना तिला फुकट भोगावा लागला.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सवय लावतो. सुटी झडप घ्यायची, आतली बाजू आपल्याकडे, अम्बो वर. आतल्या पृष्ठभागावर कडेला समांतर जाणारी एक अंधुक रेघ दिसते, ती पॅलियल रेषा. ती एका बाजूला खिशासारखी आत वळते, तो पॅलियल सायनस. नळ्या आत ओढून घ्यायची ती जागा, म्हणून सायनस नेहमी मागच्या बाजूला. सायनस तुमच्या डाव्या हाताकडे असेल तर झडप डावी, उजव्या हाताकडे असेल तर उजवी. आकार, अम्बोचा कल, पुस्तकातलं चित्र, सगळं बाजूला ठेवा. रेघ दिसत नसेल तर झडप ओली करा आणि खिडकीपाशी तिरपी धरा. मोबाइलचा टॉर्च समोरून मारू नका, त्याने रेघ पुसली जाते. उजेड बाजूने यायला हवा.

आणि पद्धत मध्येच बदलली तर वहीत तारखेसह लिहा. कितीही किरकोळ वाटली तरी.

छिद्र पाहून "हे दोरा ओवायचं भोक आहे का?"

नाही. बाहेर रुंद आणि आत अरुंद होत गेलेलं, कडा गोलाईने उतरलेलं छिद्र बहुधा नॅटिसिडी कुळातल्या गोगलगायीचं. सरळ, नळीसारखं छिद्र असेल तर म्युरिसिडीचा संशय घ्या. भिंगातून कड पाहिल्याशिवाय वहीत काही लिहू नका.

रंगावरून जाती

एकाच लाटेतून उचललेले डोनॅक्स पांढरे, जांभळे, पिवळसर, पट्ट्यापट्ट्यांचे असू शकतात. त्यांच्या पाच जाती करू नका.

याच चुकीची मोठी बहीण म्हणजे मोबाइलवर फोटो टाकून नाव मिळवणं. फोटो बाहेरच्या बाजूचा असतो आणि ओळख आतल्या बाजूला असते. बिजागरीचे दात पाहायला दोन मिनिटं लागतात. प्रत्येक झडपेत अम्बोखाली तीन मुख्य दात आणि बाहेरून दिसणारं लिगामेंट, म्हणजे दोन झडपा जोडणारा लवचीक पट्टा, असेल तर व्हेनेरिडीकडे जा. लिगामेंटसाठी आत चमच्यासारखा खड्डा आणि डाव्या झडपेत उलट्या व्हीसारखा दात असेल तर मॅक्ट्रिडी. कंगव्यासारखी दातांची लांब ओळ दिसली तर आर्सिडी. पातळ, चपटी, मागच्या टोकाला किंचित उजवीकडे मुरडलेली झडप असेल तर टेलिनिडी. डोनॅक्सशी हिची गल्लत फार होते. सायनस अजिबातच नसेल आणि पुढच्या स्नायूची खूण लांबट असेल तर ल्युसिनिडीचा विचार करा. शेवटी आतल्या कडेवरून नख फिरवा. पुष्कळ डोनॅक्समध्ये ती बारीक दातेरी लागते, काहींमध्ये गुळगुळीत, आणि जात ठरवताना याचा उपयोग होतो. ज्याला नख फिरवण्याइतका धीर नाही त्याने जातीचं नाव लिहायचा आग्रह धरू नये. "डोनॅक्स, जात अनिश्चित" असं लिहिलेली वही मी आनंदाने तपासतो.

सकाळी होते, दुपारी नाहीत, म्हणजे प्रदूषण

ही माझी दुसरी दुखरी जागा. रत्नागिरीजवळच्या एका किनाऱ्यावर दोन विद्यार्थ्यांनी सकाळी पाण्याच्या कडेला पंचवीस बाय पंचवीस सेंटिमीटरचा चौकोन टाकला, वाळू चाळली, डोनॅक्स मोजले. काठी रोवून जागा पक्की केली. तीन-साडेतीन तासांनी त्याच काठीपाशी पुन्हा चौकोन टाकला तर जेमतेम एक-दोन निघाले. अहवालात लिहिलं: पर्यटकांमुळे संख्या घटली.

त्या वेळात भरती चढली होती आणि शिंपले तिच्याबरोबर वर गेले होते. डोनॅक्सच्या अनेक जाती भरती-ओहोटीबरोबर किनाऱ्यावर वर-खाली सरकतात. मोठी लाट येताना प्राणी वाळूतून उसळून बाहेर येतो, पाण्याबरोबर काही अंतर वाहून जातो आणि लाट ओसरता ओसरता पाय रोवून काही सेकंदांत पुन्हा आत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डोनॅक्स व्हॅरिआबिलिसवर ओलाफ एलर्स यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की हे शिंपले लाटांच्या आवाजांमधला फरक ओळखतात आणि त्यानुसार उडी घेतात. ज्या प्राण्याला लाट ऐकू येते तो तुमच्या काठीपाशी कशाला बसून राहील?

मी स्वतः काठी रोवत नाही. पाण्याच्या कडेपासून वरच्या कोरड्या वाळूपर्यंत दोरी ताणतो आणि ठरावीक अंतरावर चौकोन टाकतो. प्रत्येक नोंदीशेजारी घड्याळातली वेळ आणि त्या दिवशीच्या भरती-ओहोटीची वेळ. दुसऱ्या दिवशी त्याच अवस्थेतली मोजणी हवी असेल तर सुमारे पन्नास मिनिटं उशिरा जा, कारण भरती रोज साधारण तेवढी मागे पडते. लहान पिल्लं आणि मोठे शिंपले वेगवेगळ्या पट्ट्यांत असू शकतात, म्हणून एकाच पट्ट्यातल्या मोजणीवरून वयाचा आलेख काढू नये. चाळणी अर्ध्या मिलिमीटरची घ्या. एक मिलिमीटरच्या चाळणीतून पिल्लं वाळूबरोबर निघून जातात आणि मग "या किनाऱ्यावर पिल्लं नाहीत" असं वाक्य माझ्या टेबलावर येतं. आणि चौकोनातला आकडा सोळाने गुणा, म्हणजे चौरस मीटरचा हिशेब येईल. चारने गुणणारे दरवर्षी भेटतात.

मेलेल्या शिंपल्यावरून अधिवास लिहिणंही याच जातीचं. रिकामी झडप लाटांनी कुठूनही येते. खाडीच्या मुखापाशी चिखलात राहणाऱ्याची झडप मोकळ्या वाळूवर पडलेली असते. झडपा जोडलेल्या नसतील, आत मांस नसेल, तर अधिवासाच्या रकान्यात "किनाऱ्यावर रिकामी मिळाली" एवढंच.

अंबाझरी तलावातला शिंपला आणि समुद्रातला शिंपला

आपल्याकडे विच्छेदन शिकवतात ते गोड्या पाण्यातल्या लॅमेलिडेन्सचं किंवा युनिओचं. ते डोक्यात इतकं पक्कं बसतं की समुद्रातल्या मेरेट्रिक्सच्या जीवनचक्रातही पोरं ग्लोकिडियम काढतात. ग्लोकिडियम माशाच्या कल्ल्यांना चिकटून जगणारी अळी, ती गोड्या पाण्यातल्या त्या शिंपल्यांची. मेरेट्रिक्सची अळी आधी ट्रोकोफोर, मग व्हेलिजर, आणि ती पाण्यात मोकळी तरंगते. पण समुद्रातले सगळे असेच, हेही खरं नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा जेमा जेमा पाच मिलिमीटरच्या आसपास वाढतो आणि पिल्लं स्वतःच्या झडपांतच वाढवतो, तरंगती अळी नाहीच. म्हणून तीन-चार मिलिमीटरचा शिंपला दिसला की लगेच "पिल्लू" लिहू नका, तो पूर्ण वाढलेला असू शकतो.

"सगळे शिंपले पाणी गाळून खातात" हे वाक्यही सोडा. टेलिनिडीतले बरेच लांब नळीने चिखलाच्या पृष्ठभागावरचा गाळ ओढून खातात, आणि ल्युसिनिडींच्या कल्ल्यांत गंधकाच्या संयुगांवर जगणारे जिवाणू असतात, त्यांच्यावर त्यांचं बरंचसं पोषण चालतं.

आणखी एक, खास नागपूरची. टाकळीच्या खडकातले जीवाश्म दाखवून कुणीतरी सांगतं की इथे समुद्र होता, पाहा शिंपले. नागपूरला राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्ये या परिसरातल्या लाव्हाच्या थरांमधल्या गाळातले शंख-शिंपले प्रसिद्ध केले. ते तळ्यांतले, गोड्या पाण्यातले आहेत. शिंपला दिसला म्हणजे समुद्र, असं होत नाही.

जुनी नावं, चुकीचे कंस

वरिष्ठांच्या वहीतून नावं उतरवू नका. कॅटेलिसिया ओपिमा आता मार्सिया वंशात आहे, डोनॅक्स स्कॉर्टम आता हेक्युबा स्कॉर्टम. समुद्री जीवांच्या नावांची जागतिक नोंदवही, वर्म्स, इंटरनेटवर मोफत आहे. नाव लिहायच्या दिवशी तिथे पाहा.

कंस शोभेसाठी नसतो. लिनियसने १७५८ मध्ये हेक्युबा स्कॉर्टमला डोनॅक्स वंशात ठेवलं होतं. वंश बदलला, म्हणून आता लिनियसचं नाव आणि साल कंसात जातं. वंश मूळचाच असेल तर कंस नाही. परीक्षेत हा अर्धा गुण सर्रास जातो.

फॉर्मलिनमध्ये टाकून सुट्टीवर जाणं

एकदा सहलीहून आल्यावर पोरांनी टेलिनिडींची पातळ शिंपली बरणीत घातली, कपाटातलं जुनं फॉर्मलिन ओतलं आणि झाकण लावून घरी गेली. दोन महिन्यांनी बरणी उघडली. मांस शाबूत होतं. झडपा मात्र खडूसारख्या पांढऱ्या, चिमटीत धरल्या की कड चुरा होणाऱ्या, आणि बिजागरीचे दात जवळजवळ गेलेले. फॉर्मलिन जुनं होतं तसं आम्लधर्मी होतं आणि शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा. नको तेवढं राहिलं आणि ओळखीचं तेवढं विरघळलं. आता मी फॉर्मलिन वापरलंच तर बोरॅक्स घालून, एक-दोन दिवसांपुरतं, आणि मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. सुक्या झडपा असतील तर नळाच्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून मीठ काढायचं आणि सावलीत वाळवायचं. गच्चीवरच्या उन्हात नाही, रंग उडतो.

सुक्या झडपांवर पांढरी भुकटी दिसू लागली तर तिला बुरशी समजून औषध मारू नका. कपाटातल्या लाकडातून, प्लायमधून, पुठ्ठ्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने ती तयार होते, आणि पावसाळ्यात जास्त. झडपा धुवा, वाळवा आणि प्लास्टिकच्या डबीत ठेवा.

चिठ्ठी बरणीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठीवर किनारा, तारीख, वेळ, भरती की ओहोटी, वाळू की चिखल, जिवंत की रिकामी, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. जातीची जागा कोरी सोडा. ती नंतर भरता येते, बाकीचं नाही.