अमेरिकेत करिअर कॉलेजला प्रवेश घेताना फी आणि मदतीचा हिशेब कसा करावा

मेडिकल असिस्टंट, डेंटल असिस्टंट, मेडिकल बिलिंग असे वर्षभराच्या आतले कोर्स चालवणारी छोटी खासगी कॉलेजं, म्हणजेच करिअर कॉलेजं, अमेरिकेत गावोगाव आहेत. ती नफ्यासाठी चालतात. त्यातली काही चांगलीही असतात. पण भारतातली पदवी घेऊन तिकडे गेलेल्या मराठी माणसाला मिळणारी मदत बऱ्याचदा कॉलेजच्या जाहिरातीपेक्षा कमी निघते.

सुरुवात व्हिसापासून करा. एच-४ वर (एच-१बी नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येतं, पण फेडरल म्हणजे केंद्र सरकारचं अनुदान किंवा कर्ज मिळत नाही, सहसा सगळी फी खिशातून जाते. ग्रीन कार्ड असेल तर पुढचा हिशेब मांडा.

मदतीसाठी 'फॅफ्सा' हा फॉर्म सरकारच्या स्टुडंट एड या संकेतस्थळावर फुकट भरता येतो. तो भरून द्यायचे कोणी पैसे मागत असेल तर सरळ उठून या. या फॉर्मवरून पेल ग्रँट हे केंद्र सरकारचं अनुदान ठरतं. ती परत करावी लागत नाही, आणि २०२५-२६ साठी तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. मेख अशी, की बॅचलर पदवी असलेल्याला सहसा पेल मिळत नाही, मग ती पदवी पुण्याची का असेना. तीन वर्षांच्या बी.कॉम.ची गोष्ट थोडी वेगळी. ती अमेरिकी पदवीच्या तोडीची नाही असं मूल्यांकनाच्या (परदेशी शिक्षण अमेरिकेत कशाच्या बरोबरीचं आहे हे सांगणाऱ्या अहवालाच्या) कागदांवरून दिसलं, तर कॉलेज तिला पदवी न धरण्याचा निर्णय घेऊ शकतं. तेव्हा आधी मूल्यांकन करून घ्या आणि ते आर्थिक मदत कार्यालयात दाखवा. फॉर्मवर पदवी लपवायचा सल्ला कोणी दिला तरी लपवू नका.

पेल नसली तरी फेडरल कर्ज मिळू शकतं. स्वतंत्र विद्यार्थ्याला (विवाहित असाल तर तुम्ही त्यात येता) पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ९,५०० डॉलर, त्यातले व्याजसवलतीचे (शिकत असताना व्याज सरकार भरतं) फार तर ३,५००. कॉलेजकडून येणाऱ्या मदतीच्या पत्रात ग्रँट आणि कर्ज बऱ्याचदा एकाच बेरजेत दाखवलेली असतात, म्हणून पेन घेऊन कर्जाच्या रकमा वेगळ्या काढा.

प्रवेश मिळवणं त्या मानाने सोपं: बारावीच्या कागदांचं मूल्यांकन, कधी छोटी चाचणी. प्रवेश अधिकारी गोड बोलतो, कारण जागा भरणं हेच त्याचं काम. त्याच्याकडून पूर्ण कोर्सचा आकडा लेखी घ्या. त्यात नोंदणी, पुस्तकं, गणवेश, किट, परीक्षा फी सगळं यायला हवं, नुसता महिन्याचा हप्ता नको. मग कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी संकेतस्थळावर त्या कॉलेजची माहिती पाहा आणि आपल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे सरकारी स्थानिक कॉलेजात, तोच कोर्स केवढ्याला आहे ते विचारा. माझं मत स्पष्ट आहे: तिथे जागा असेल तर तिकडेच जा.

करारावर सही करण्याआधी फी परतीचं कलम वाचा. सत्राचा ६० टक्के काळ पूर्ण होण्याआधी सोडलंत तर न वापरलेली फेडरल मदत परत जाते, आणि उरलेली फी कॉलेज तुमच्याकडे मागू शकतं. कॉलेजच बंद पडलं तर? २०१५ मध्ये कोरिंथियन आणि २०१६ मध्ये आयटीटी टेक या नफ्यासाठी चालणाऱ्या मोठ्या कॉलेज-साखळ्या अशाच बंद झाल्या. अशा वेळी अटींत बसलात तर फेडरल कर्ज माफ होऊ शकतं, खासगी कर्जाला मात्र तो नियम लागू नाही. म्हणून कॉलेजने हप्त्याने फी भरायची स्वतःची योजना (तीही एक प्रकारचं खासगी कर्जच) पुढे केली, तर तिचा व्याजदर आधी विचारा.