रात्रभर रेंडर लावताय? थेट व्हिडिओ काढू नका

मंडळाच्या देखाव्यासाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये २० सेकंदांचं ॲनिमेशन केलं होतं. रात्री रेंडर, म्हणजे ॲनिमेशनची अंतिम चित्रं तयार करायचं काम, लावून झोपलो, पहाटे पाऊस आला आणि लाइट गेली. कोल्हापुरात पावसाळ्यात यात नवल काय! पण थेट काढायला लावलेली एमपी-४ व्हिडिओ फाइल उघडेचना. अशा फाइलची अनुक्रमणिका सहसा रेंडर पूर्ण झाल्यावर लिहिली जाते. मध्येच बंद पडलं की झालेलं कामही वाया.

म्हणून आउटपुटच्या टॅबमध्ये फाइल फॉरमॅट पीएनजी, म्हणजे सुट्या चित्रांचा, ठेवा. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर २० सेकंदांची ४८० चित्रं फोल्डरमध्ये एकेक करून साठत जातात. ३०० झाल्यावर लाइट गेली तर उरलेली १८०च करायची. त्यासाठी तिथलीच 'ओव्हरराइट'ची खूण आधी काढून ब्लेंडरची फाइल सेव्ह करा, म्हणजे पुन्हा रेंडर लावल्यावर तयार चित्रं सोडून ब्लेंडर पुढे जातो. शेवटचं चित्र मात्र उघडून बघा. अर्धवट असेल तर डिलीट करा, नाहीतर तो तेही झालेलं समजेल.

शेवटी ब्लेंडरच्याच व्हिडिओ सिक्वेन्सरमध्ये ही चित्रं जोडून एमपी-४ काढा. आवाजही तिथंच घाला. हे काम फार वेळ खात नाही.

आणखी एक सोय: एका फ्रेममध्ये मूर्तीचा रंग चुकला, तर तेवढंच चित्र डिलीट करून परत काढता येतं. मंडळातली पोरं आयत्या वेळी काय बदलायला सांगतील याचा नेम नसतो, तेव्हा हे लई उपयोगी पडतं.