गाजरगवत उपटताना विळा घरीच ठेवा

पहिल्या वर्षी मी बांधावरचं गाजरगवत विळ्यानं सपासप कापलं. बांध कसा लख्ख दिसत होता! थोड्याच दिवसांत एकेका बुडख्यातून चार-चार फुटवे वर आले आणि तेही फुलले. तेव्हापासून विळा खुंटीला.

या तणाला सोटमूळ असतं. मूळ आणि त्याच्या डोक्यावरचा जाड गड्डा, दोन्ही निघालं तरच काम झालं. म्हणून मी वाफशाची वाट बघतो: पाय रुतत नाही, पण माती बोटाला ओलसर लागते. कोरड्यात ओढलं तर नुसतं खोड हातात येतं. चिखलात शिरलं तर चपलांना चिकटून बी गावभर.

कोवळं रोप जमिनीला चिकटून चक्रासारखं पसरतं. पानं धरून ओढू नका, तुटतात. सगळी पानं मुठीत गोळा करा, अंगठा आणि तर्जनी मातीत खुपसून गड्डा पकडा, जरा हलवून सरळ वर ओढा. अडलं तर बाजूनं तिरपं खुरपं घालून मूळ सैल करा.

हे सगळं फुलं येण्याआधी. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात पांढरी बारीक फुलं दिसू लागतात, आणि एक मोठं झाड १५ ते २५ हजार बिया टाकू शकतं. उशीर झालाच तर झाड झटकू नका. आधी शेंडे खुडून पिशवीत, मग मूळ. फुलोऱ्याचा माल कंपोस्टात नको. बिनफुलाचा खुशाल घाला.

हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकाला फडकं. यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यानं कातडीला खाज सुटते. माझा हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये दोन बोटं मनगट उघडं राहिलं होतं, नेमका तेवढाच पट्टा आठवडाभर लाल. दम्याच्या माणसानं फुलोऱ्यात या कामाला जाऊच नये.

पानांवर पांढरट, तपकिरी रेघांचे भुंगेरे दिसले तर ती झाडं तूर्त मी सोडतो. ते मेक्सिकन भुंगेरे, याच तणावर जगतात. बिनपगारी गडी!

मातीत जुनं बी असतंच, त्यामुळे तीन आठवड्यांनी पुन्हा फेरी. मोकळ्या झालेल्या जागेवर पावसाच्या तोंडाशी टाकळ्याचं बी फेकतो. तो दाट वाढतो आणि गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही.